कथेचा शेवट जमत नाहीये, सल्ला हवा (इंदूर, मिलची पार्श्वभूमी)

रामबागवाली: नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. नायक हुकुमचंद मिलमधला जुना कामगार. मिल बंद पडल्यावर मुलीच्या फीसाठी त्याने शेजारच्या साच्यावरच्या (म्हणजे मागावरच्या) मित्राकडून पाचशे रुपये उसने घेतले. ते फेडायच्या आत मित्र गेला. डिसेंबर २०२३मध्ये सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी सुटले, तिथे कथा संपवलीय. नायकाला पैसे मिळतात, पुढच्या अनंत चतुर्दशीला मिलची झाँकी (मिरवणुकीतला सजवलेला देखावा) बघताना तो डोळे पुसतो. घरच्यांना आवडलं, मला मात्र पोकळ वाटतंय. काय करू?

परदेशीपुरा_गल्ली: पैसे मिळाल्याचा आनंद वाचकाला होईलच, पण तुम्ही पहिल्या पानावर त्याला वेगळीच काळजी लावून दिलीय: त्या पाचशेंचं काय? त्याचं उत्तर कोर्टकचेरीतून येणार नाही. ॲरिस्टॉटलने नाटककारांना हेच बजावलं होतं, गुंता कथानकातूनच सुटावा, रंगमंचावर यंत्रातून खाली उतरलेल्या देवाने सोडवू नये. थकबाकीची बातमी दोन पानं आधी आणा. मग त्याला परदेशीपुऱ्यात मित्राच्या बायकोकडे पाठवा. वहिनी पैसे घेतात, मोजतात आणि विचारतात, "आणि व्याज?" तिथेच थांबा. हिशेब मागितला म्हणजे नातं अजून चालू आहे. रडारड, क्षमा, काही लागणार नाही.

वाचनवेडी_उज्जैन: "व्याज" फार आवडलं. पण वहिनी आधी कुठे दिसल्याच नाहीत, तर हा प्रश्न आभाळातून पडल्यासारखा वाटेल. मित्र हयात असतानाच्या प्रसंगात त्या दूधवाल्याचा हिशेब करताना दिसू द्या, एकच ओळ. वाचक ती विसरला तरी चालेल, शेवटी आपसूक आठवेल.

परदेशीपुरा_गल्ली: अगदी. आणि झाँकी काढून टाका असं मी म्हणणार नाही. मिल बंद झाल्या तरी कामगारांनी झाँक्या चालू ठेवल्या, ही आपल्या गावाची मोठी गोष्ट आहे. ती मधे घ्या. वहिनी गर्दीत दिसतात आणि हा रस्ता बदलतो, एवढं दाखवलंत तर पुढे त्यांच्या दाराशी जाणं किती जड आहे ते सांगावं लागणार नाही.

रामबागवाली: रस्ता बदलतो! हेच हवं होतं. मग झाँकी २०२३च्या अनंत चतुर्दशीची घेते, म्हणजे पैसे सुटायच्या आधीची. दूधवाल्याची ओळ डब्याच्या प्रसंगात बसेल. शेवट नव्याने लिहून रविवारी इथेच टाकते, वाचाल ना?