मदत हवी आहे: हातातून सोडलं की विमान डावीकडेच पडतं

नमस्कार मंडळी. आमच्या क्लबात दर रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, गावाबाहेरच्या माळावर रिमोटवरची छोटी विमानं उडवतो. यंदा आठवी-नववीच्या सहा मुलांकडून ५ मिमी सनबोर्डचं (हलक्या फोमच्या बोर्डाचं) हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख वर बसवलेलं शिकाऊ विमान, बांधून घेतलंय. दोन महिने शाळा सुटल्यावर खपून पोरांनी ते उभं केलं.

पंखाचा पसारा १२०० मिमी, रुंदी २०० मिमी. बॅटरीसकट वजन ९५० ग्रॅम. १००० केव्हीची मोटर (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे), १० बाय ४.७ इंचाचा प्रॉप (पुढचा पंखा), ३एस म्हणजे तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी. सीजी (विमानाचा तोलबिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिमीवर, म्हणजे रुंदीच्या ३० टक्क्यांवर आहे.

अडचण अशी, की फुल थ्रॉटलवर हातातून सोडलं की दोन-तीन सेकंदांत डावा पंख खाली जातो आणि विमान गवतात. तीनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा नाकाची प्लायवुडची चकतीच उखडली. ती चिकटवताना एक मुलगी काही न बोलता बोटावरचा वाळलेला गोंद सोलत बसली होती, ते बघवलं नाही.

एलेरॉनच्या (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांच्या) दिशा तपासल्या, बरोबर आहेत. मोटर अगदी सरळ बसवलीय. टॉर्कमुळे (प्रॉप फिरताना विमानाला बसणाऱ्या उलट्या पिळामुळे) होत असेल तर मोटर उजवीकडे किती अंश वळवू, दोन की तीन? की सनबोर्डला हे वजनच जास्त होतंय आणि विमान स्टॉल होतंय, म्हणजे वेग कमी पडून पंखाची उचल जातेय? डावा पंख मागच्या कडेला किंचित पिळलेला वाटतो. हेअर ड्रायरने गरम करून तो सरळ होतो का?

ज्यांनी सनबोर्डची विमानं उडवली आहेत त्यांनी कृपया सांगा. येत्या रविवारी मुलं पुन्हा येणार आहेत.