‘प्रभूसाठी म्हणून करा’, मग पगार कोणी द्यायचा?

रात्रपाळी_वसई
१ मेच्या मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, फादरांनी बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातलं ३:२३ (अध्याय ३, ओळ २३) घेतलं. ‘जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा.’ देवळातून बाहेर पडता पडता नवरा म्हणाला, छान, म्हणजे ओव्हरटाइम स्वर्गात मिळणार. घरी येईपर्यंत भांडलो. म्हणून इथे विचारते.

अकरा वर्षं स्टाफ नर्स आहे. मेडिसिन वॉर्ड, रात्री तीस पेशंटना आम्ही दोघी. मागे एक आजोबा होते, पक्षाघाताचे. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांना शुद्ध नव्हती, मुलगा बाहेर बाकावर झोपलेला. पहाटे तीनला त्यांना न वळवता चार्टवर नुसती टिक मारली असती, तर कुणाला कळलं असतं? माझी कंबर धरली होती. तरी वळवलं, खालची चादर ओढून सरळ केली, मग टिक मारली. कुणी बघत नसताना ती टिक खरी का ठेवायची, याचं उत्तर मला पगारात सापडत नाही. या वचनात सापडतं. यात काय चुकलं?

पगारपत्रक
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण एक ओळ वर जाऊन वाचा. ३:२२ कोणाला उद्देशून आहे? दासांना. रोमन साम्राज्यातल्या गुलामाला सांगितलेली गोष्ट आज नर्सला सांगायची आणि त्याला ‘कामातलं समाधान’ म्हणायचं?

माझी बहीण एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात होती. बारा तासांची ड्युटी. पगारवाढ मागितली तर उत्तर आलं, ‘सिस्टर, हे मिशन आहे.’ मिशनच्या लिफ्टवाल्याचं बिल मात्र वेळेवर निघायचं. २०१६ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं, की ५० खाटांपेक्षा लहान खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी नको आणि २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी नर्सइतका पगार द्या. किती ठिकाणी दिला? ‘सेवा’ हा शब्द ऐकला की मी आधी पगाराची स्लिप मागतो.

हिंजवडी_फेज३
मुळात कामात अर्थ शोधायचाच कशाला? मी एका ॲपमधलं बटण तीन आठवडे खपून डावीकडून उजवीकडे नेलं. मागच्या सोमवारी ते परत डावीकडे आलं. हे प्रभूसाठी केलं म्हटलं तर प्रभूचाच अपमान. पगार घ्या, घरी जा, मुलांशी खेळा.

सीना_काठचा
फेज३, तुमचं म्हणणं शास्त्रातच आहे, उपदेशकाचं पुस्तक उघडा. ‘व्यर्थ ते व्यर्थ’ म्हणणाऱ्याने तुमचं बटण आधीच पाहून ठेवलंय.

पण मला वेगळं बोलायचंय. मी नगरचा, प्रॉटेस्टंट, चौथी पिढी. आमच्या पणजोबांना गावाने काम नेमून दिलं होतं. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन परगावी पळायचं, आणि मोबदल्यात दारात उभं राहून भाकरी मागायची. तेव्हाही सांगणारे होतेच, की हेच तुझं कर्तव्य, यातच तुझं कल्याण. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, शाळा काढल्या. पणजोबा पुढे अशाच एका शाळेत शिकले आणि सुतारकाम धरलं. आमच्या घरात अजून सांगतात, की देवळातल्या बाकाला रंधा मारताना ते म्हणायचे, हे काम मी घेतलंय, मला कुणी दिलेलं नाही.

आमच्या चर्चमध्ये आम्ही ‘पाचारण’, म्हणजे देवाने कामाला बोलावणं, म्हणतो ते हे. मठात गेलेल्यालाच देवाचं पाचारण असतं ही समजूत प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या जर्मन मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात मोडली. चांभार, दाई, शेतकरी, सगळ्यांना पाचारण. प्रेषित पौल स्वतः करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून राहुट्या शिवत होता. त्यामुळे विश्वासातून कामाला अर्थ येतो, हे मला शंभर टक्के मान्य. फक्त आमच्यासाठी त्या अर्थाची सुरुवात एक काम सोडता येण्यापासून झाली. ज्याला सोडता येत नाही त्याला ‘जिवेभावे करा’ सांगताना जीभ जड झाली पाहिजे.

मळ्यातला
आपल्याकडे सावता माळी आहेतच की. अरणच्या मळ्यातच त्यांना विठ्ठल दिसला, पंढरपूरला जायची गरज पडली नाही. मग हे ख्रिस्ती वेगळं ते काय?

पगारपत्रक
सावतोबांचा मळा स्वतःचा होता हो. मुकादम नव्हता त्यांना.

सीनाकाठ, तुमचं शेवटचं वाक्य मी लिहून घेतलंय. पण ल्यूथरची दुसरी बाजूही सांगा. ज्या जागी देवाने ठेवलंय तिथेच राहून काम करा, हेही तोच सांगत होता. १५२५ मध्ये जर्मनीत शेतकरी उठले तेव्हा तो सरदारांच्या बाजूने उभा राहिला.

सीना_काठचा
राहिला. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याच शास्त्रात याकोबाचं पत्र आहे, पाचवा अध्याय. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. तुमच्या कुठल्या पत्रकात इतकं कडक वाक्य आहे दाखवा.

रात्रपाळी_वसई
आत्ता उठले, रात्रपाळी होती.

पगारपत्रक, ३:२२ खरंच वाचलं नव्हतं. फादरांनीही वाचलं नव्हतं. जरा राग आला, तुमचा नाही. मग पुढे ४:१ पण वाचलं. तिथे धन्यांना सांगितलंय, न्यायाने वागा, तुमच्याही वर धनी आहे. प्रवचनात आमची ओळ आली आणि त्यांची राहिली.

आमच्या चर्चला हा विषय नवा नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं, की मजुरीत काटकसरी माणसाचं पोट भरलंच पाहिजे, मजुराने कमीवर सही केली असली तरी. आताच्या पोपनी २०२५ मध्ये लिओ हे नाव घेतलं तेही त्याच्यामुळे, तसं त्यांनी स्वतः सांगितलं. संत जोसेफ कामगार हा सण १ मेलाच आहे, १९५५ मध्ये ठरवला.

तरी एक गोष्ट मी सोडणार नाही. माझा पगार उद्या दुप्पट झाला तरी तीन वाजताची टिक तशीच राहील. ती पैशाने खरी होत नाही आणि पैसे नाहीत म्हणून खोटीही करता येत नाही, कारण पाठ आजोबांची आहे, मॅनेजमेंटची नाही. ‘प्रभूसाठी’ हे मी म्हणायचं, एचआरने नाही. एवढंच मला नवऱ्याला सांगायचं होतं, रस्त्यात जमलं नाही.

हिंजवडी_फेज३
आजोबांचं पुढे काय झालं?

रात्रपाळी_वसई
नवव्या दिवशी गेले. पाठीला जखम नव्हती.

पगारपत्रक
ताई, फादरांना विचारा, पुढच्या १ मेला ४:१ वाचतील का. आणि पहिल्या बाकावर ट्रस्टींना बसवतील का.

रात्रपाळी_वसई
विचारते. तुम्ही याल ऐकायला?

पगारपत्रक
१ मेला सकाळी आमचा झेंडा असतो. नऊनंतरची मिस्सा असेल तर बघतो.