कॅन्सरची वेगळी पॉलिसी घ्यावी का?

प्रेषक: स. क., फ्रिस्को

मंडळी, नमस्कार.

इथे टेक्ससला ऑफिसचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे वर्षभराचे विमे निवडायची मुदत, येत्या शुक्रवारी बंद होतेय. यंदा नेहमीच्या हेल्थ प्लॅनच्या खाली ‘कॅन्सर इन्शुरन्स’ असा वेगळा रकाना दिसतोय. आम्हा दोघांचे मिळून महिन्याला ३१ डॉलर कापले जातील आणि निदान झालं की एकरकमी १५,००० मिळतील, असं लिहिलंय. माझ्या सासूबाईंना सेहेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. आज त्या ठणठणीत आहेत, पण बायकोच्या मनातून तो विषय कधीच जात नाही.

दुसरा प्रश्न बाबांचा. ते साताऱ्यात असतात, वय ६८, पेन्शनवर, मधुमेह आहे. त्यांचा ५ लाखांचा आरोग्य विमा सहा वर्षांपासून चालू आहे. तिकडचा एक एजंट रोज फोन करून कॅन्सरची २० लाखांची पॉलिसी घ्या म्हणतो.

कुणी अशी पॉलिसी घेतली आहे का? वापरायची वेळ आली आहे का?

प्रेषक: अ. जो., इर्विंग

आम्ही घेतलेली नाही. मुख्य प्लॅनमध्ये कॅन्सरचे उपचार येतातच. आउट ऑफ पॉकेटला, म्हणजे आपल्या खिशातून जाणाऱ्या खर्चाला, कायद्याने कमाल मर्यादा आहे, २०२५ साठी ती एकट्याला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होती. तेवढे पैसे एचएसएमध्ये, म्हणजे उपचारांसाठीच्या करमुक्त बचत खात्यात साठवा, ते कुठल्याही आजाराला चालतात. हप्ता मात्र गेला तो गेला.

प्रेषक: म. दे., प्लेनो

माझ्यावर ती वापरायची वेळ आली, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१८ च्या ऑक्टोबरात माझ्या मॅमोग्राममध्ये डाग दिसला. ऑफिसातून घेतलेली १०,००० ची कॅन्सर पॉलिसी होती. पहिल्या बायॉप्सीत कॅन्सर दुधाच्या नळीच्या आतच आहे असं आलं. डॉक्टर त्याला स्टेज झिरो म्हणतात. पॉलिसीच्या भाषेत तो पूर्ण कॅन्सर नव्हे, म्हणून २,५०० मिळाले. ऑपरेशननंतर कळलं की तो नळीबाहेर गेलाय. उरलेले ७,५०० यायला चार महिने लागले, कारण त्यांना पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हवा होता आणि मी दर वेळी डिस्चार्जचे कागद पाठवत होते. त्या वेळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि फोनवर कुणी नीट सांगितलंही नाही.

अ. जो. म्हणतात ती मर्यादा खरी आहे, पण बहुतेक प्लॅनमध्ये ती १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होते. आमच्या प्लॅनची मर्यादा ६,००० होती. नोव्हेंबरातल्या ऑपरेशनमध्ये ती भरली, जानेवारीत केमो सुरू झाली आणि पुन्हा भरली. म्हणजे एका आजारपणाचे १२,०००. शिवाय ही मर्यादा नेटवर्कमधल्या डॉक्टरांपुरतीच. दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायला गेलो, ते सगळे पैसे वेगळे गेले.

तरीही हॉस्पिटलचं बिल आम्हाला झेपलं. घर चालवणं मात्र फार जड गेलं. एफएमएलए या रजेच्या कायद्याने बारा आठवडे नोकरी शाबूत राहते, पण त्याचा पगार मिळत नाही. टेक्ससमध्ये सरकारकडूनही काही नाही. यांनी सहा आठवडे बिनपगारी रजा घेतली. आईला नाशिकहून बोलावलं, तिचं तिकीट, तिचा व्हिजिटर इन्शुरन्स. मुलाला शाळेनंतर ठेवायची सोय. केमोच्या आठवड्यात मला फोडणीचा वाससुद्धा सहन होत नसे, म्हणून आमटीभाताचा डबा लावला. ते १०,००० डॉलर ह्यातच गेले आणि ते असल्याचा खूप आधार वाटला, हे मी अगदी मनापासून सांगते.

पण एक चूक मला अजून डाचते. त्याच वर्षी पैसे वाचवायला मी शॉर्ट टर्म डिसॅबिलिटी विम्यावरची खूण काढून टाकली होती. ती असती तर मला आठवड्याच्या पगाराचे साठ टक्के मिळाले असते, आणि तेही कुठल्याही आजाराला, अपघाताला. कॅन्सर हा शब्द वाचून मी घाबरले आणि जी जास्त उपयोगाची होती तीच सोडली. तुमच्या दोघांची डिसॅबिलिटी आधी बघ. ती नसेल तर ३१ डॉलर तिकडे वळव. ती असेल आणि हाताशी दोन वर्षांच्या मर्यादेइतके पैसे नसतील, तर ही पॉलिसी खुशाल घे. घेण्याआधी सर्टिफिकेट, म्हणजे पॉलिसीच्या सगळ्या अटींचा कागद मागव आणि तीन गोष्टी शोध: स्टेज झिरोला किती देतात, सुरुवातीचे किती दिवस क्लेम चालत नाही, नोकरी सुटली तर पॉलिसी सोबत नेता येते का.

आता बायकोबद्दल. आईला इतक्या लहान वयात झालाय, तेव्हा तिने डॉक्टरांशी जेनेटिक काउन्सेलिंगबद्दल, म्हणजे आनुवंशिक धोक्याबद्दलच्या सल्ल्याविषयी बोलावं. जनुकीय तपासणीच्या आधी आयुर्विमा आणि डिसॅबिलिटी घेऊन ठेवा. जनुकीय माहितीवरून भेदभाव रोखणारा २००८ चा जीना कायदा हेल्थ इन्शुरन्सला आणि नोकरीला संरक्षण देतो, आयुर्विमा आणि डिसॅबिलिटीला देत नाही. पॉलिसीचं काहीही ठरलं तरी हे मात्र करा.

प्रेषक: व. गो., प्लेनो

स. क., मी पुण्यात ३१ वर्षं विम्याच्या क्लेम विभागात होतो. सध्या मुलाकडे आलोय. तुमच्या बाबांबद्दल लिहितो.

तिकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. आरोग्य विमा हॉस्पिटलचं प्रत्यक्ष बिल देतो. कॅन्सर पॉलिसी ठरलेली रक्कम हातात देते, बिल कितीही असो. दुसरी पहिलीची जागा घेऊ शकत नाही. बाबांच्या सध्याच्या विम्यात कॅन्सर आहेच. सहा वर्षं खंड न पडता चालू आहे, म्हणजे ६० महिन्यांचा मोरेटोरियम उलटला. आता लबाडी सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुन्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही. ती पॉलिसी कुठल्याही परिस्थितीत बंद पडू देऊ नका. हप्त्याची तारीख तुम्हीच लक्षात ठेवा.

निव्वळ कॅन्सरच्या योजना बहुधा तरुणपणी घ्यायच्या असतात. एलआयसीने २०१७ साली आणलेल्या कॅन्सर कव्हरचं उदाहरण घ्या. प्रवेशाचं कमाल वय ६५, पहिले १८० दिवस काही नाही, सुरुवातीच्या टप्प्याला विमा रकमेचे २५ टक्के, प्रगत टप्प्याला उरलेली रक्कम आणि वर दहा वर्षं दरमहा १ टक्का. चाळिशीतल्या कमावत्या माणसाला हे उपयोगाचं, कारण पगार थांबतो. बाबांचं पेन्शन आजारपणात थांबत नाही. ६८ व्या वर्षी एजंट नक्की काय विकतोय, ते त्याच्याकडून लेखी मागवा. बहुतेक ती क्रिटिकल इलनेस, म्हणजे ठरावीक गंभीर आजारांना एकरकमी पैसे देणारी पॉलिसी निघेल.

त्यात कॅन्सरची व्याख्या ठरलेली असते आणि क्लेम अडतो तो तिथेच. स्टेज झिरो वगळलेला. थायरॉइडचा अगदी लहान, न पसरलेला कॅन्सर वगळलेला. प्रोस्टेटचा ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे तो आकडा, ६ पर्यंत असेल आणि गाठ सुरुवातीच्याच टप्प्यात असेल, तर तोही नाही. प्रोस्टेट तर बाबांच्या वयातला. अहवालात कॅन्सर हा शब्द आणि कंपनीच्या पत्रात नकार, असे कागद घेऊन आलेली माणसं माझ्या टेबलासमोर बसलेली आहेत. त्यांना व्याख्या वाचून दाखवणं हे माझ्या नोकरीतलं सर्वांत कठीण काम होतं.

माझा सल्ला असा. ५ लाख कमी पडतील, म्हणून त्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचं बिल देणारा विमा बघा. मधुमेह लिहाच, त्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागेल, पण नव्याने झालेल्या कॅन्सरला पहिल्या ३० दिवसांनंतर संरक्षण मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. सध्याच्या पॉलिसीत इम्युनोथेरपी आणि तोंडाने घ्यायच्या केमोला किती मर्यादा आहे ते पाहा. २०१९ च्या नियमांमुळे कंपनीला ते उपचार वगळता येत नाहीत, पण रक्कम मर्यादित ठेवता येते. महात्मा फुले योजनेसाठी शिधापत्रिका जागेवर आहे ना, तेही बघा. ७० पूर्ण झाली की आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड उत्पन्न न पाहता मिळतं, खासगी विमा असला तरी.

थोडी रोख रक्कम मात्र बाजूला ठेवा. साताऱ्याहून परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचार घ्यायचे तर मुंबईत महिनोन्‌महिने राहावं लागतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशी कित्येक कुटुंबं राहतात. राहण्याजेवणाचा आणि सोबतच्या माणसाचा खर्च आरोग्य विमा देत नाही. यासाठी मुदत ठेव पॉलिसीपेक्षा बरी.

बाबा तंबाखू खातात का? प्रपोजल फॉर्मवर तो प्रश्न असतो.

प्रेषक: स. क., फ्रिस्को

काकू, काका, तुमचे खूप आभार. माझी डिसॅबिलिटी आहे, बायकोची नव्हती. काल तिची घेतली. कॅन्सरच्या पॉलिसीचं सर्टिफिकेट आलं. त्यात स्टेज झिरोला २५ टक्केच आहेत आणि नोकरी सुटल्यावर पॉलिसी नेता येत नाही. आमचे साठलेले पैसे दोन वर्षांच्या मर्यादेच्या जेमतेम निम्मे आहेत, म्हणून या वर्षापुरती घेतोय.

काका, बाबा तंबाखू खात होते, चुना लावून, चाळीसएक वर्षं. सोडून चार वर्षं झाली. तुमचा प्रश्न त्यांना काल विचारला, तर म्हणाले, गालाच्या आत एक पांढरा चट्टा आहे, दोनेक महिने झाले, दुखत नाही म्हणून बोललो नाही. एजंट म्हणतो, फॉर्म आजच भरा, चट्ट्याचं लिहू नका.

प्रेषक: व. गो., प्लेनो

आज फॉर्म भरू नका. माहीत असलेली गोष्ट लपवली तर तो क्लेम टिकणार नाही, आणि टिकू नये. एजंटचा फोन घेऊ नका. दोन महिने न गेलेला चट्टा डॉक्टरने पाहायलाच हवा, दुखत नसला तरी. असे बरेच चट्टे कॅन्सरचे नसतात, पण ते बायॉप्सीनेच कळतं. साताऱ्यात दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात न्या. काही निघालंच तर जुना विमा आहे, तो याच्यासाठीच आहे. कार्ड आणि पॉलिसीची प्रत त्यांच्या पिशवीत असू द्या.

प्रेषक: स. क., फ्रिस्को

सोमवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. चुलतभाऊ सोबत जातोय. पॉलिसीची प्रत त्याला पाठवली.

प्रेषक: म. दे., प्लेनो

तुझ्या आईंना फोन कर. त्यांना कुणी सांगितलंय का ते बघ. सोमवारी रात्री जागा असशील तर मलाही कर, कितीही उशीर झाला तरी चालेल.