गाडीतली कंट्रोल युनिटं एकमेकांशी बोलेनाशी झाली तेव्हा: इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

पावसाळा उतरला की माझ्या गॅरेजवर एकाच दुखण्याच्या गाड्या येऊ लागतात. इंजिन ठणठणीत, पण एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंगचा आणि इंजिनचा दिवा एकदमच पेटलेला. मीटरचा काटा चालत्या गाडीत शून्यावर पडतो. मालकाच्या हातात कोटेशन असतं, 'मॉड्युल गेलं.' मॉड्युल म्हणजे कंट्रोल युनिट, गाडीतला छोटा कॉम्प्युटर; ही युनिटं कॅन नावाच्या दोन तारांच्या लाइनवर एकमेकांशी बोलतात. अन्नपूर्णा रोडला बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, पण मॉड्युल खरोखर मेलेलं फार कमी वेळा पाहिलं. ज्यांना हा त्रास झाला त्यांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनीही लिहा: काय दिसलं, काय मोजलं, शेवटी काय निघालं. सुरुवात मी करतो.

गेल्या भाद्रपदात एक गाडी आली. स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर इंजिन, मीटर आणि स्टिअरिंग या तिघांच्या पोटात एकच कोड, यू ०१२१, म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. एबीएस स्वतः स्कॅनरला उत्तरच देईना. तिघे ज्याच्या नावाने ओरडतात त्याच्याकडे आधी बघायचं. बॅटरी काढून, स्कॅनर बाजूला ठेवून, तो लावायच्या सोळा पिनांच्या सॉकेटवर ६ आणि १४ नंबरच्या, म्हणजे कॅनच्या दोन तारांच्या, पिनांमधला रेझिस्टन्स मोजला: ६० ओहम. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे दोन्ही मिळून ६० यायलाच हवेत. मुख्य लाइन शाबूत होती.

मग बॅटरी जोडून एबीएसचा कपलर (तारांचा जोड) काढला. प्लस येत होता. अर्थच्या (बॅटरीच्या मायनसकडे जाणाऱ्या) पिनला मल्टिमीटरने बीप दिला, आणि इथेच बरेच कारागीर फसतात. केबलमधली एक बारीक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. मी २१ वॉटचा बल्ब घेतला, एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं त्या अर्थच्या पिनला. बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर! बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थचा बोल्ट ॲसिडने खाल्ला होता. जागा घासून पत्रा उघडा केला, नवी थिंबल (तारेच्या टोकाची कडी) दाबून बसवली. एबीएस बोलू लागलं.

सुदामानगर, गाडीमालक

आमच्या गाडीचं दुखणं रंगपंचमीला सुरू झालं. गाडी राजवाड्याजवळच्या गल्लीत उभी होती आणि गेरमधल्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीतल्या, टँकरच्या फवाऱ्यांनी न्हाऊन निघाली. तसं पाहिलं तर गाडी पावसातही भिजतेच. पण पुढच्या काचेखालच्या जाळीत पिंपळाची पानं साचून निचऱ्याचं भोक बुजलं होतं, आणि पाणी डाव्या बाजूच्या कार्पेटखाली उतरलं. आठवड्याभराने चावीचं चिन्ह लुकलुकायला लागलं आणि गाडी सुरू होईना. टोचन करून न्यावी लागली.

कारागिराने मोजलं तर ६० च्या जागी १२० ओहम. स्कॅनरवर अर्धी युनिटं दिसत होती, अर्धी गायब. तो म्हणाला, "काका, लाइन मधेच तुटलीय, पलीकडचा रेझिस्टर दिसत नाही." कार्पेट उचललं तेव्हा जॉइंट कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या, वर गुलालाचा गुलाबी थर. मला वाईट एवढंच वाटलं, की आदल्या ठिकाणी इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं युनिट) बदलायला सांगितलं होतं आणि कार्पेटला कोणी हातही लावला नव्हता. जाळीतली पानं आता दर महिन्याला काढतो.

विजयनगर, प्राध्यापिका

दादा, तुमचं ६० आणि यांचं १२०, माझ्या गाडीत ४० निघाले. गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दिसावं म्हणून मुलाने सॉकेटमध्ये एक ट्रॅकर लावून दिला होता. त्यानंतर दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरायची आणि चालवताना मीटर मधूनच अंधारायचं. त्या ट्रॅकरच्या आत तिसरा १२० ओहमचा रेझिस्टर होता, शिवाय तो युनिटांना झोपूच देत नव्हता. काढून टाकल्यापासून काहीही नाही.

अन्नपूर्णा रोड

ताई, म्हणूनच मी गाडी आली की आधी मागाहून बसवलेलं सगळं काढून ठेवतो: स्टिरिओ, अलार्म, कॅमेरा, ट्रॅकर.

पीथमपूर, टेस्टिंगमधला इंजिनिअर

थोडं आतलं लिहितो, कारण ते कळलं की शोध सोपा होतो. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली ही कॅनची पद्धत पीळ घातलेल्या दोन तारांवर चालते. लाइन गप्प असताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट असतात. कोणी बोललं की 'हाय' नावाची तार ३.५ कडे चढते आणि 'लो' नावाची १.५ कडे उतरते. युनिटं दोन्हींमधला फरक वाचतात. बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येतो, म्हणून फरक टिकतो. दुरुस्तीत पीळ उलगडून वीतभर सरळ तार टाकली की हे संरक्षण तेवढ्या भागात जातं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक युनिट आपल्या चुका मोजत असतं. पाठवण्यातला हिशोब २५५ च्या वर गेला की ते स्वतःला लाइनवरून बाजूला करतं, बाकीच्यांचं बोलणं बिघडू नये म्हणून. त्यामुळे गप्प बसलेलं युनिट तपासायचंच, पण तेवढ्यावरून त्याला दोषी धरायचं नाही.

माझ्या बहिणीच्या गाडीत मीटर असंच गप्प व्हायचं, तेही दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यात सगळं ठीक दिसत होतं. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला आणि कपलर हळूच हलवला, तर 'लो'ची लहर तुटायची. आधीच्या कोणीतरी तपासताना कपलरच्या तोंडातून जाड सुई खुपसून पिन फाकवली होती. पिन बदलली, शंभर रुपयांच्या आत काम. कळकळीने सांगतो, सुई नेहमी तारेच्या बाजूने, मागून घाला.

छावणी, दुसरा ऑटो इलेक्ट्रिशियन

एकच जोडतो. थंडीत जुनी बॅटरी स्टार्टर मारताना ८-९ व्होल्टवर आली की पाच-सहा यू कोड (संपर्क तुटल्याचे) उगाच साठतात. ते लिहून ठेवा, पुसा, बॅटरी तपासा, गाडी फिरवा. परत येतील तेच खरे.

देवास नाका, ट्रान्सपोर्ट

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे नवे नियम) आल्यावर आमच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरपर्यंत कॅनच्या तारा गेल्या, कारण धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सरसुद्धा याच लाइनवर बोलतो. लसूण भरलेला ट्रक मुंबईकडे निघाला होता. मानपूरच्या पुढे ड्रायव्हर चहाला थांबला. चावी फिरवली तर मीटर काळं, इंजिन उचलेना. रात्रीचे अडीच. आमचा मिस्त्री फोनवर आणि ड्रायव्हरकडे साधा मल्टिमीटर.

बॅटरीची केबल काढून हाय-लोमध्ये मोजलं तर बरोबर ६०. मिस्त्रीने तिथे समाधान मानलं नाही. "आता एकेक तार चेसिसशी लावून बघ." हाय आणि चेसिस: जवळजवळ शून्य. तार कुठेतरी लोखंडाला टेकली होती. मग एकेक फाटा सोडवत गेले. मागे सायलेन्सरकडे जाणाऱ्या फाट्याचा कपलर काढला तेव्हा आकडा उसळला. केबल परत जोडली, चावी फिरवली. ड्रायव्हर फोनवर ओरडला, "मालक, मीटर उजळलं!" चेक लाइट पेटलेलाच होता, पण इंजिन सुरू झालं आणि माल वेळेत पोचला.

परतल्यावर पाहिलं, वायर बांधायची फीत तुटून हार्नेस (तारांचा जुडगा) ब्रॅकेटवर घासत होता, तांबं उघडं पडलेलं. मिस्त्रीने तार कापून सोल्डर केली, स्लीव्ह चढवली, पीळ पुन्हा घातला. त्याच रविवारी बाकीच्या पाच ट्रकांखाली शिरलो. दोघांच्या फिती तुटलेल्या होत्या, आवरण घासलं होतं, तांबं अजून दिसत नव्हतं.