कच्चा लिंबू खेळत असतो का? (सोसायटी ग्रुप, शुक्रवार रात्र)

ए-३०२: मगाशी क्लबहाऊसमधे पोरं कॅरम खेळत होती, मी नुसता बघत बसलेलो आणि तेव्हापासनं एक गोष्ट डोक्यातनं जातच नाहीये. सोंगट्या पॉकेटात जायला हव्या असतील तर हाताने उचलून टाका की, मिनिटभरात बोर्ड साफ! पण तसं कोणीच करत नाही, उलट राणी घेतली की कव्हर घ्या, नाही जमलं तर राणी परत मधे. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ मधे हेच मांडलं, की खेळ म्हणजे गरज नसलेले अडथळे आपणहून मान्य करून ते पार करायची धडपड. घरी कोणाशी बोलू कळेना, इथे कोणाला आवडतं का असलं काही?

बी-१०४: मला! दादा मी कॉलेजपर्यंत खो-खो खेळलेय. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, आणि पळणारीला मात्र सगळं मोकळं. लहानपणी अन्यायच वाटायचा. पण मागे फिरता आलं असतं तर खो कशाला दिला असता कोणी, बाकीच्या आठजणी नुसत्या बसून राहिल्या असत्या.

सी-५०१: मग कच्च्या लिंबूचं काय? तो आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, तरी जीव तोडून पळतो. तो खेळतोय म्हणायचं का? आमची नात ४ वर्षांची, काल लपाछपीत तिला कळलं की आपण कच्चा लिंबू, तर रडून गोंधळ, माझ्यावर पण राज्य द्या म्हणून.

ए-३०२: काकू, हे सुचलंच नव्हतं मला. म्हणजे सवलत नकोय तिला, हरायचा हक्क हवाय.

बी-१०४: पण माझा धाकटा भाऊ कच्चा लिंबू होऊनच शिकला सगळं. माझ्या मते खेळतच होता तो.

डी-२०३: आणि चिडका बिब्बा? हाउझिंगा नावाच्या डच इतिहासकाराने १९३८ मधेच लिहिलंय की चीटिंग करणारा निदान खेळ मानल्यासारखं तरी दाखवतो, डाव उधळणारा खेळच मोडतो, म्हणून त्याचाच राग जास्त येतो. आमच्या चाळीत अगदी असंच होतं, चीटिंगवाल्याला दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे.

ए-३०२: अरे वा, चौघं झालो की! रविवारी ५ वाजता गच्चीवर?

सी-५०१: नातीला आणते. पहिलं राज्य तिच्यावर.

बी-१०४: कॅरम मी आणते, पावडर संपलीये, कोणाकडे आहे का?