एअर पिस्तूल: ११ प्रकारचे छर्रे जमलेत, दोनावर कसं यायचं?

धंतोली_१०मी
नमस्कार मंडळी. १० मीटर एअर पिस्तूल, कॉम्प्रेस्ड एअरचं, सिलिंडर २०० बार दाबाचा. स्कोअर ६० शॉटला ६०० पैकी ५४५ ते ५५५ मध्ये फिरतो. महिन्याला साधारण १२०० शॉट. घरी सरावाला एक जुनी स्प्रिंगची रायफलही आहे.

"हे मारून बघ, ते मारून बघ" करता करता कपाटात हा बाजार जमला:

आर १० ०.४५ ग्रॅम (३ डबे, दोन लॉटचे, म्हणजे कारखान्यातल्या दोन वेगळ्या खेपांचे), आर १० ०.५३, फिनाले मॅच ०.४९ तीन हेडमध्ये, म्हणजे डोक्याच्या तीन मापांत (४.४९, ४.५०, ४.५१ मिमी), मायस्टरकुगेल्न ०.४५, हॉबी, एक देशी सपाट डोक्याचा, एक टोकदार, एक गोल डोक्याचा, आणि स्टीलच्या डब्यात ओतून ठेवलेले सातआठशे, ज्यांचं नावगाव आता कोणालाच माहीत नाही.

दर दोन आठवड्यांनी साइट (नेम धरायची पट्टी) हलवावी लागून राहिली. मला पिस्तुलाला एक आणि रायफलीला एक, एवढंच ठेवायचं आहे. कोणता ठेवायचा हे ठरवायची सरळ पद्धत सांगा. आणि उरलेल्याचं काय करू?

मधला_ठिपका
ब्रँडवरून ठरवू नका. आधी छर्ऱ्याने नेमका किती फरक पडतो ते बघा, म्हणजे किती डोकं लावायचं ते कळेल.

पिस्तुलाच्या टारगेटवर १० चं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं आहे आणि पुढच्या प्रत्येक रिंगचा व्यास १६ मिमीने वाढतो. छर्ऱ्याची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत असलं की १०, १६ च्या आत ९, २४ च्या आत ८. हे ८ च्या पाढ्याचं गणित पाठ करून ठेवा, सगळे हिशेब यावरच चालतात.

५५५ च्या आसपास मारणाऱ्याचे शॉट मध्यापासून सरासरी १० मिमी दूर पडतात. हा हाताचा आणि ट्रिगरचा फैलाव. छर्ऱ्याचा स्वतःचा फैलाव यात साधा मिळवत नाहीत, दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढतात. छर्रा सरासरी १ मिमी विखुरत असेल तर एकूण होतं १०.०५. अर्धा गुणही जात नाही. छर्रा ३ मिमी विखुरत असेल तर १०.४४, आणि ६० शॉटमध्ये अंदाजे ३ गुण जातात. ५७५ वाल्याचे त्याच छर्ऱ्याने ४ च्या आसपास जातील, कारण त्याचा हात शांत आहे.

म्हणजे वाईट छर्रा काढून टाकण्यात फायदा आहे. दोन चांगल्यांतला "सर्वात चांगला" शोधण्यात तुमच्या स्कोअरला काही मिळणार नाही. ११ पैकी ६ तर चाचणी न करताच बाहेर जातात:

टोकदार आणि गोल: नियमाने चालतात, शिशाचा ४.५ मिमी छर्रा कोणत्याही आकाराचा चालतो. पण कागदाला फाडून जातात, सपाट डोक्यासारखं गोल भोक पाडत नाहीत. गुण मोजताना वाद. बाहेर.

नावगाव नसलेले: बाहेर. सातआठशे असले तरी.

देशी आणि हॉबी: पिस्तुलातून बाहेर. हॉबी रायफलीला ठेवा.

आर १० ०.५३: हा रायफलीसाठीचा वजनदार. पिस्तुलात मारू नये असं नाही, पण एकच डबा आहे, तेव्हा त्याच्यामागे वेळ घालवू नका.

राहिले पाच. त्यांची चाचणी करा.

सराफी_काटा
वरच्यात एक भर. साइट सारखी का हलवावी लागते, त्याचं उत्तर वजनात आहे.

मॅच पिस्तुलाचा वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास. १० मीटर जायला ०.०६७ सेकंद लागतात, तेवढ्यात छर्रा साधारण २२ मिमी खाली येतो. तीच ऊर्जा ०.४५ ऐवजी ०.५३ च्या छर्ऱ्याला दिली तर वेग १३८ च्या आसपास, घसरण २६ मिमी. फरक ४ मिमी, म्हणजे अर्धं रिंग. वर तो नळीत जास्त वेळ राहतो, पिस्तूल उचललं जात असताना बाहेर पडतो, तो फरक वेगळाच. खऱ्या पिस्तुलात आकडे थोडे मागेपुढे होतील, पण कारण हेच. एका डब्यात दोन वजनं मिसळली की टारगेटवर उभा ग्रुप (भोकांचा पुंजका) दिसतो आणि माणूस श्वासाला दोष देत बसतो.

काही जण इतवारी बाजारातून ०.००१ ग्रॅमचा सराफाचा काटा आणून एकेक छर्रा तोलतात. नका तोलू, बाप्पा. चांगल्या मॅच डब्यात वजनाचा फरक इतका कमी असतो की ५५० ला तो दिसत नाही, आणि वाईट डबा तोलून चांगला होत नाही. त्याऐवजी छर्रा उलटा करून स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ बाजू, बघा. कड दबलेली, अंडाकृती झालेली किंवा आत शिशाचा कण अडकलेला असेल तर बाजूला काढा. मागून हवा त्या कडेलाच फुगवते आणि नळीला सील करते. कड वाकडी तर सील वाकडी. जमिनीवर पडलेला छर्राही परत डब्यात टाकायचा नाही.

हेड साइजचं म्हणाल तर ४.४९, ४.५०, ४.५१ यांत मोठा चांगला असं काही नाही. हेड नळीच्या खाचांवर टेकतो, एवढंच त्याचं काम. भरताना बोटाला अंदाज येतो: आपोआप घरंगळून आत गेला तर सैल, दाबून कोंबावा लागला तर घट्ट. हलक्या दाबाने बसणारा बरोबर.

मधला_ठिपका
चाचणी अशी करा.

पिस्तूल शिकंज्यात धरायचं तर लाकडी मूठ काढून फ्रेम धरा. जबड्यांना चामडं किंवा रबर लावा. नळी किंवा सिलिंडर शिकंज्यात कधीच धरायचा नाही. सिलिंडरला ओरखडा नको आणि नळी दाबली तर चाचणीच खोटी.

छर्ऱ्याचा प्रकार बदलला की दर वेळी फेल्टचे (नमद्याचे) दोन तुकडे पिस्तुलातून मारून नळी पुसा, मग त्याच छर्ऱ्याचे २० शॉट कुठेही मारा. आधीच्या छर्ऱ्याचं शिसं नळीत असतं, ते जाऊन नवीन बसायला तेवढे लागतात. मग १० चा एक ग्रुप, तीन फेऱ्यांत मिळून प्रत्येक प्रकाराचे तीन, प्रत्येक ग्रुपला नवा कागद आणि मागे जाड पुठ्ठा. पुठ्ठा नसला तर कागद फाटतो आणि मोजता येत नाही. फेरीगणिक दर प्रकाराला ३०, म्हणजे पाच प्रकारांना मिळून साडेचारशेच्या आसपास छर्रे जातील.

क्रम उलटसुलट ठेवा: पहिल्या फेरीत १ ते ५, दुसऱ्या फेरीत ५ ते १, तिसऱ्यात मधूनच. नाही तर शेवटच्या छर्ऱ्याच्या वाट्याला कमी प्रेशर येतं. सिलिंडर १०० बारच्या खाली जाऊ देऊ नका, तिथे रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) ठीक असला तरी शंका नको.

मोजताना व्हर्नियर कॅलिपरने सर्वात लांबच्या दोन भोकांची बाहेरची कड ते बाहेरची कड. केंद्र ते केंद्र हवं असेल तर ४.५ वजा करतात, पण कागदातलं भोक प्रत्यक्षात थोडं लहान दिसतं, तेव्हा तुलनेला बाहेरचंच माप वापरा. एखादा शॉट दूर गेला म्हणून तो गाळायचा नाही. तो दूर गेला हीच तर माहिती आहे.

दोन छर्ऱ्यांत १ मिमीपेक्षा कमी फरक आला तर तो नशिबाचा समजा.

धंतोली_१०मी
सविस्तर उत्तरांबद्दल धन्यवाद. पण शिकंजा नाही, आणि क्लबच्या बाकाला ड्रिल मारू देणार नाहीत. वाळूच्या पिशवीवर टेकून चालेल का?

उभा_ग्रुप
चालेल, पण त्यात तुमची नजर मिसळते. दोन्ही कोपरं बाकावर, मनगटाखाली पिशवी, मूठ पिशवीला न टेकवता. पिस्तूल कशाला टेकलं की उसळून ग्रुप वर जातो. १० ऐवजी १५-१५ चे ग्रुप घ्या आणि डब्यांना चिठ्ठ्या लावून दुसऱ्या कुणाला भरायला सांगा, तुम्हाला कोणता चालू आहे ते कळू नये. आवडत्या ब्रँडला ट्रिगर आपोआप गोड दाबला जातो.

पण माझं मत जरा वेगळं आहे. ५५० ला हे सगळं कशाला? आर १० चे ३ डबे आहेत, त्यातले एका लॉटचे बाजूला काढा, २० शॉट मारा, छर्रा नळीत नीट बसतो का बघा, ग्रुप वेडावाकडा नाही ना बघा, आणि सुरू व्हा. ठरवलेला छर्रा वर्षभर बदलायचा नाही, हाच मोठा फायदा. महिन्याला १२०० म्हणजे ५०० च्या डब्यांनी अडीच डबे, वर्षाला तीसेक. ते एकाच लॉटचे एकदम घेता आले तर घ्या. चाचणी करायचीच असेल तर हे ३० घेण्याआधी त्या लॉटचा एक डबा आणून करा. घरातल्या जुन्या पाचांची नाही. ते तर संपणारच आहेत.

मधला_ठिपका
हे मान्य. माझी पद्धत नवीन लॉटलाच लावावी, तिथेच तिची किंमत वसूल होते. लॉट नंबर डब्याच्या तळाशी किंवा स्टिकरवर असतो. स्टीलच्या डब्यात ओतलं की तो गेला. म्हणून छर्रे मूळ डब्यातून कधीच काढायचे नाहीत, रेंजवर लागतील तेवढे ट्रेमध्ये. मॅचला ६० अधिक सायटरचे (आधीचे, गुण न धरले जाणारे शॉट), १०० पुरतात.

वाळ्याची_ताटी
साठवणुकीवर कुणी बोललं नाही, आणि नागपुरात तेच जास्त नडतं.

मे महिन्यातल्या ४५ डिग्रीने शिशाला काही होत नाही, ते ३२७ ला वितळतं. शिसं खराब करते ओल. आणि ओल इथे पावसाळ्याआधीच येते, कूलरमधून. ज्या खोलीत मार्च ते जून कूलर चालतो, त्या खोलीच्या कपाटात छर्रे ठेवू नका. दोन उन्हाळ्यांत डबा उघडला की छर्ऱ्यांवर पांढरी पावडर दिसते. ती गंजलेल्या शिशाची विषारी पावडर आहे. फुंकर मारायची नाही, धुवायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. डबा टेप लावून बंद करायचा.

चांगला डबा कूलर नसलेल्या खोलीत, झाकणाच्या आत फोमची चकती, बाहेरून हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी. फोम काहून? स्कूटरच्या डिक्कीत अर्धा रिकामा डबा खडखडत रेंजपर्यंत गेला तर स्कर्ट वाकतात. सिलिंडर मात्र उन्हात, डिक्कीत किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही. शिशाला गर्मीची भीती नाही, सिलिंडरला आहे. त्यावर छापलेली मुदतही एकदा बघा.

तेल लावायची सवय असेल तर सोडा. एक डबा तेलाचा, एक कोरडा, म्हणजे परत दोन प्रकार झाले.

हात साबणाने धुवून मगच तर्री पोहे. रेंजवरच्या टपरीतून प्लेट आणून फायरिंग लाइनवर बसून खाणं बंद. छर्रे ओठात धरायचे नाहीत. लाइनच्या आसपास कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, नाही तर तीच धूळ नाकात. घरी लहान मूल असेल तर रायफलीचा कोपरा रोज पुसा.

धंतोली_१०मी
बरोबर पकडलं, कपाट कूलरच्या खोलीतच आहे. स्टीलच्या डब्यातल्या काहींवर पांढरट दिसून राहिलं. मग काढायच्या सगळ्यांचं काय करू? एक जण म्हणाला वितळवून परत ओतता येतात.

सराफी_काटा
ओतू नका. घरी ओतलेल्या छर्ऱ्याचा स्कर्ट पातळ आणि सारखा येत नाही, आणि शिशाचा धूर स्वयंपाकघरात नको. रेंजच्या पेलेट ट्रॅपमध्ये (टारगेटमागे छर्रे अडवणाऱ्या पेटीत) जमलेलं शिसं क्लब कुणाला तरी विकतोच, त्याच पिंपात तुमचे पांढरे आणि निनावी टेप लावलेल्या डब्यासकट टाकायची परवानगी मागा. कचरागाडीत द्यायचं नाही.

न उघडलेले डबे स्टिकरसकट क्लबमधल्या नव्या मुलांना द्या. उघडलेले फिनाले मॅच आधी स्वतः संपवा, पण एका हेडचा पूर्ण संपल्यावर दुसरा, आणि फक्त सरावाला. मॅच जवळ आली की आर १० वर या. डबा बदलला की साइट बघायची, त्याची नोंद झाकणाच्या आतल्या बाजूला: तारीख, साइटचा स्क्रू किती क्लिक वर, किती खाली.

रायफलीत हॉबीच ठेवा, पण त्याहून हलकं काही नको. फार हलका छर्रा स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टनला पुरेसा अडवत नाही, पिस्टन पुढे जाऊन आदळतो. रिकामी मारणंही त्याच कारणाने वाईट. म्हणून नळी पुसायला एकटा फेल्ट तिच्यात मारू नका, काठीने पुसा.

धंतोली_१०मी
शेवटचं. आर १० च्या दोन लॉटपैकी एकाचे २ डबे, एकाचा १. दोन्हींचे ग्रुप सारखेच आले तर?

उभा_ग्रुप
२ वाला ठेवा. १ वाला आजपासून सरावात संपवा, आणि झाकणावर मार्करने मोठ्ठा "स" लिहा, नाही तर मॅचच्या सकाळी घाईत तोच हातात येईल.