मदत हवी आहे: मोठ्या वयात सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार) निघालेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. माझ्या ताईचं वय ४२. हिमोग्लोबिन कित्येक वर्षं ९ च्या वर जातच नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, सलाईन झालं, बीट-खजुराचं तर विचारूच नका. जुलाब नाहीत, वजनही बरं. नुसता थकवा आणि पोट फुगणं. त्यामुळे जो तो ‘पाळीमुळे असेल’ म्हणून मोकळा. आता नव्या डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए ही या आजाराची रक्ततपासणी करायला लावली आणि ती पॉझिटिव्ह आली. पुढे एंडोस्कोपी आणि बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं).

उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, दक्षिणेत बराच कमी, आणि बहुतेकांना पत्ताच नसतो असं वाचलं. मोठ्यांमध्ये नुसता अ‍ॅनिमिया हेच लक्षण असू शकतं म्हणे. मग आपल्याकडे ही तपासणी इतक्या उशिरा का सुचते?

बायोप्सी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलंय. ताईच्या सासूबाईंनी मात्र पोळी बंद करून भाकरी सुरू केलीये! त्यांना कसं समजवायचं? सख्ख्या भावंडांनाही धोका जास्त असतो, तर काही त्रास नसताना मीही तपासणी करून घेऊ का?

आणखी एक. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात ‘गव्हाचं पीठ’ लिहिलेलं दिसलं. बिनगव्हाचं हिंग पुण्यात कुठे मिळतं? गिरणीत गव्हाचं पीठ मिसळेल अशी भीती वाटते, तर ज्वारी दळायला तिथेच द्यायची की घरघंटी घ्यायची? अनुभव असलेल्यांनीच सांगा. काढे आणि चूर्णं कृपया नकोत.